पाण्यामागची जमीन

संक्रांत झाली की आमच्या तलावाचं पाणी काठ सोडायला लागतं. एका दिवसात काही कळत नाही. आठ दिवसांनी पाहावं, तर पाण्यात बुडालेली बाभळीची खुंटं उघडी पडलेली असतात आणि त्यांच्या बुडाशी शिंपले चिकटलेले असतात. मग वास सुटतो. ओल्या गाळाचा हा वास पावसाच्या मातीचा नव्हे. त्यात मासळी असते, कुजलेलं पाणगवत असतं आणि जीभ लोखंडाला लागल्यासारखं काहीतरी असतं. लातूर जिल्हा संपून नांदेड जिल्हा लागतो त्या शिवेवरच्या या तलावावर माझी बहुतेक नोकरी झाली. हा वास आला की माणसं बी-बियाणं काढतात. मी मात्र बारा वर्षं त्या वासाला खिडकी लावून घेत आलो. यंदा लावली नाही, त्याचं कारण पुढे येईल.

उघड्या पडणाऱ्या या जमिनीला आम्ही गाळपेर म्हणतो. जमीन सरकारची. पाणी उतरलं की चार-पाच महिन्यांसाठी ती भूमिहीनांना कसायला द्यायची, पावसाळ्यात पाणी परत आलं की ती पुन्हा तळ्याची. इथे कसणारी घरं बहुतेक बौद्धवाड्यातली. त्यांची पेरणी आमच्या हदगावकडच्या पेरणीसारखी नाही. आमच्या वडिलांनी कापूस लावला तो ठरलेल्या रानात, ठरलेल्या बांधात. इथे रान रोज सरकतं. पाणी चार पावलं मागे गेलं की बाया चार पावलं पुढे जातात, गाळात हाताने आळी करतात, मूठभर शेणखत टाकतात आणि खरबुजाच्या बिया रोवतात. वरच्या आळ्यातला वेल दोन हात झालेला असतो तेव्हा खालच्या आळ्यात बी नुकतं फुगत असतं. जी पट्टी सगळ्यात शेवटी उघडी पडते तीच सगळ्यात ओली, आणि तिथलंच फळ सगळ्यात गोड.

मी कालवा निरीक्षक. ज्या विहिरीतून कालव्याला पाणी सुटतं तिच्या पायऱ्यांना लागून एक मोजपट्टी आहे. रोज सकाळी आठ वाजता ती वाचायची आणि वहीत लिहायची. त्यावरून गावातली पोरं मला पट्टीसाहेब म्हणतात. माझ्याकडे आणखी एक काम होतं. पेरणीची खालची हद्द मी आखून द्यायचो, चुन्याने पांढरे केलेले दगड मांडून. दगडांच्या वर पेरलं तर जबाबदारी आमची. दगडांच्या खाली पेरलं तर तुमचं नशीब. इतका साधा नियम होता.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. त्या वर्षी खालचा उतार चांगला उघडला होता. तलावाच्या मधोमध एक उंचवटा आहे. पाणी खूप उतरलं की तो बेटासारखा वर येतो, आणि चैत्रात त्यावर पांढरे पक्षी अंडी घालतात. पुस्तकात त्यांना नदीसुरय म्हणतात. इथे नुसतं ‘पांढऱ्या’. घरटं असं नसतंच, गाळाच्या खपल्यांवर उघडी दोन-तीन अंडी. बेटाला लागून पंचफुलाबाईची पट्टी होती. चाळिशीतली, उंच, सावळी बाई. वाड्यातल्या गाळपेरीच्या बायांमध्ये तिचा शब्द चालायचा. खुरपताना तिच्या रानात एखादं अंडं दिसलं तर ती शेजारी काटकी रोवून तेवढी जागा सोडून द्यायची. मी एकदा विचारलं, “एवढी जागा वाया घालवता?”

“माझी कुठं हाय साहेब ती जागा? ना माझी, ना तिची. आमी दोघी बी पाण्याच्या मागं आलेल्या.”

माझं क्वार्टर तलावाच्या भिंतीच्या या टोकाला, मोजपट्टी त्या टोकाला. मध्ये दीड किलोमीटर. फाल्गुनात एक दिवस मला ताप होता, म्हणून वाचन अंदाजाने लिहिलं. कालवा चालू असला की पाणी रोज साधारण सारखंच उतरतं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर अंदाज बरोबर निघाला. तो चुकला असता तर पुढचं काही झालं नसतं. त्यानंतर तीन आठवडे मी पट्टीवर गेलो नाही. सकाळी चहा पीत खुर्चीत बसून पाणी उतरवत राहिलो.

मधे कालव्याला भगदाड पडलं. आमचे चौकीदार इस्माईलमामा, त्यांनी आठ-नऊ दिवस दार बंद ठेवलं आणि मला तसं सांगितलंही. मी हो म्हणालो. वहीत मात्र पाणी रोजच्यासारखं उतरतच राहिलं. तळ्यातलं जागच्या जागी होतं.

अशात वरच्या धरणावरून फोन आला. शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी परवा पाणी सोडतो आहोत, तुमच्या तलावात येईल, पातळी इतकी चढेल, काठच्या लोकांना कल्पना द्या. अशा वेळी दवंडी द्यायची असते, आणि गरज पडली तर आधी कालव्याचं दार उचलून तलावात जागा करायची असते. मी वही उघडली. वहीतल्या आकड्यात येणारं पाणी मिळवलं. पाणी दगडांच्या दोन हात खालीच थांबत होतं. म्हटलं, कशाला दवंडी?

इस्माईलमामा दारात उभे होते. “साब, एक बार पट्टी देख लेते.”

“वहीत आहे ना मामा सगळं.”

“वही तो सुक्की है, साब.”

मी हसलो. त्या वेळी ते मला चांगलं बोलणं वाटलं होतं.

हे लिहिताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. त्या काठावर ऊस असता, कुणा पाटलाचा, देशमुखाचा, तर मी पट्टीवर गेलो असतो. उन्हातान्हात धावत गेलो असतो. मी स्वतः बागायतदाराच्या घरातला. कुणाचं नुकसान झालं की कुठून फोन येतात हे मला शिकवावं लागलं नव्हतं. गाळातल्या खरबुजांसाठी कुठूनच फोन येत नाही, हेही मला माहीत होतं. मी असा विचार केला नाही. करायची गरजच पडली नाही, एवढा तो माझ्यात मुरलेला होता.

पाणी दुपारी चढायला लागलं. आवाज नाही, लाट नाही. वेल आधी तरंगले, मग खाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून हाताने चाचपून फळं तोडत होत्या. अर्धी कच्ची, मुठीएवढी. काठावर त्यांचा ढीग लागला होता आणि त्यावर माश्या बसायला लागल्या होत्या. बेट दिसत नव्हतं. ते जिथे होतं त्या पाण्यावर पांढऱ्या ओरडत फिरत होत्या, खाली यायच्या, पाण्याला पोट लावायच्या, परत वर जायच्या. दोन दिवस तसंच चाललं. तिसऱ्या दिवशी त्या दिसल्या नाहीत.

पंचफुलाबाई भिजल्या लुगड्याने भिंतीवर आली. “साहेब, पाणी कुठून येऊन राहिलं हो? दवंडी न्हाई, काय न्हाई.”

“वरून सोडलंय. आम्हालाही कळवलं नाही,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि खाली गेली.

आठ दिवसांनी पंचनामा ठरला. पाणी शहराकडे जाऊन तोवर पातळी खाली आली होती आणि माझे दगड परत उघडे पडले होते. बुडालेलं सगळं पीक दगडांच्या वर होतं, म्हणजे नियमाप्रमाणे आमच्या जबाबदारीत. पंचनाम्याला येणारे आमचे वरचे साहेब पहिला प्रश्न विचारणार होते, पातळी किती होती? मग वही उघडणार, मग पट्टी. नोकरीची भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती हसण्याची होती. मोजपट्टी वाचण्यासाठी नेमलेल्या माणसाने मोजपट्टीच वाचली नाही. जिल्हाभर हसले असते.

पंचनाम्याच्या दिवशी पहाटे, तांबडं फुटायच्या सुमाराला, मी खाली उतरलो. इस्माईलमामा उदगीरला मुलीकडे गेले होते. बावीस दगड होते. एकेक उचलून चाळीस पावलं वर नेला. गाळात पाय घोट्यापर्यंत रुतत होते. वर नेऊन मांडले, चुना मारला. दिवस वर यायच्या आत बुडालेलं सगळं रान दगडांच्या खाली गेलं. पंचनाम्यात आलं, ‘गाळपेरधारकांनी मर्यादेखाली पेरणी केल्याने नुकसान.’ खाली माझा अहवाल, माझी सही.

बाया गोल करून उभ्या होत्या. साहेबांनी दगडांकडे बोट केलं आणि म्हणाले, “हद्द दिसत नाही का तुम्हाला?” कुणी काही बोललं नाही. तेव्हा मला वाटलं, चिखलात कुणाला दगड आठवतात?

हद्द मग तिथेच राहिली. मी इथे असेन त्या प्रत्येक वर्षी मीच त्याच जागी चुना मारत गेलो. सगळ्यात ओली पट्टी बंद झाली. वरचा गाळ लवकर तडकतो. तिथला वेल जगवायचा तर खालून घागरीने पाणी आणावं लागतं. बारा वर्षं उन्हाळ्यात बाया डोक्यावर घागरी घेऊन ती चाळीस पावलं चढत-उतरत राहिल्या. क्वार्टरच्या खिडकीतून हे दिसायचं. खिडकी का लावायचो, ते आता कळलं असेल.

आणि दरवर्षी वैशाखात पंचफुलाबाईच्या घरून पहिलं खरबूज माझ्याकडे यायचं. पिवळं, जाळीदार, देठाला पान ठेवलेलं. पंचनाम्यानंतर दुसऱ्या वर्षी जमीन कुणाला द्यायची त्या गाळपेरीच्या यादीत मी तिचं नाव पुन्हा घातलं होतं, त्याची ही जाण असावी असं मी धरून चाललो. मी ते कापून खायचो. मधली तीन वर्षं माझी बदली किनवटला झाली. जंगलातले बंधारे, आश्रमशाळेची पोरं, दिवसातून मोजक्या वेळा जाणारी रेल्वे. मला तिथे बरं वाटलं. त्या तीन वर्षांत खरबूज आलं नाही. म्हटलं, लांब पडतं. परत या तलावावर आलो त्या वैशाखात पहिलं फळ पुन्हा दारात. मी यावर विचार केला नाही. विचार न करण्याची मला चांगली सवय होती.

यंदा संक्रांतीच्या आधी नवा आराखडा आला. तलावाचं पाणी कुणाला किती, कधी, आणि पक्ष्यांसाठी काय राखायचं, हे आता कायमचं ठरणार होतं. कालव्यावरचे शेतकरी, मासेमारी करणारी भोई मंडळी, पिण्याच्या पाण्याची योजना, पक्षी मोजणारे एक शाळामास्तर, सगळ्यांचं त्यात काही ना काही होतं. कल्पना चांगली होती. मी पानं उलटत गेलो. गाळपेरीच्या पानावर लिहिलं होतं की सध्याच्या हद्दीखाली पेरणी कायम बंद करावी, कारण पूर्वी गाळपेरधारकांनी मर्यादा मोडल्याने नुकसान झाले आहे. पुरावा म्हणून मागे जोडलेला कागद माझा होता. तीच सही.

तोवर दगड हलवता येत होते, निदान मनात तरी तसं होतं. एखाद्या वर्षी हळूच खाली नेऊ, कुणाला कळणार नाही, असं मी स्वतःला बारा वर्षं सांगत आलो होतो. आता ते कागदावर पक्के होणार होते.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी मी वाड्यात गेलो. पंचफुलाबाई आता पन्नाशी ओलांडलेली. अंगणात बसून बिया निवडत होती. तिने बाज पुढे ओढली. “बसा साहेब. चहा टाकू?”

“नको. एक सांगायचंय.” मी पट्टीपासून सुरुवात केली. वही, फोन, दवंडी. दगडांपर्यंत आलो.

ती बिया निवडतच होती. “ठावं हाय.”

“काय ठावं आहे?”

“दगडाचं. मी बघितलं की. चौघी व्हतो आमी. परसाकडं आलो व्हतो. तुमी एकेक धोंडा पोटाशी धरून चढून राहिलेले. सखू म्हणली, साहेबाला येड लागलं का काय.” ती थोडी हसली. “तुमच्या क्वार्टरात संडास हाय, साहेब. बाया कवा उठतात, कुठं जातात, तुमाला काय ठावं?”

मी विचारलं, “मग बोलला का नाहीत? त्या दिवशी, साहेबांपुढे?”

“यादी कोण करतं गाळपेरीची?”

“मी.”

“हां मग.”

एवढंच. मग तीच म्हणाली, “मालक म्हणले, गप ऱ्हा, वरची तरी ऱ्हाईल. अन् वैशाखात पयलं फळ साहेबाकडं धाडत जा.”

यादी माझ्या हातात नव्हती ती किनवटची तीन वर्षं माझ्या डोळ्यांपुढून गेली. मी बाजेवरून उठलो, पुन्हा बसलो. मी म्हटलं, “पंचफुलाबाई, मला माफ करा.”

तिने सूप बाजूला ठेवलं. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “मला इथं अंगणात सांगून काय करू मी? माफी काय पेरू का तिथं? उद्या मीटिंग हाय न्हवं? तिथं बोला. सगळ्यायच्या म्होरं. न्हाईतर चहा प्या अन् जा.”

बैठक शाळेच्या व्हरांड्यात होती. नव्या मॅडम, आमच्या उपअभियंता, वयाने माझ्या भाचीएवढ्या, आराखडा वाचत होत्या. गाळपेरीचं पान आलं आणि मी उभा राहिलो. वाड्यातल्या बाया मागच्या बाजूला बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर बोललो नसतो. क्रमाने सगळं सांगितलं. वाक्यं लहान ठेवली. शेवटी म्हणालो, “तो अहवाल खोटा आहे. हद्द मी हलवली.”

मग मासेमारी सोसायटीचे चेअरमन मोठ्याने म्हणाले, “म्हंजे पट्टीसाहेबानं पट्टीच वाचली न्हाई म्हणा की!”

आणि सगळे हसले. शेतकरी हसले, मास्तर हसले, मागे बायाही हसल्या. ज्या हसण्याला मी बारा वर्षं भ्यालो ते फार तर अर्धा मिनिट चाललं. मग चेअरमन पाण्याच्या खोलीबद्दल काही विचारायला लागले.

मॅडम हसल्या नव्हत्या. “हे लेखी द्यावं लागेल. पुढे काय होईल ते तुम्हाला माहीत आहे.”

“हो.”

तिथेच लिहून दिलं. चौकशीची नोटीस आली आहे. निवृत्तीला फार वर्षं उरलेली नाहीत. काय होईल ते होईल. त्याबद्दल इथे तक्रार करायची नाही.

त्याच आठवड्यात मॅडमनी नव्याने मोजणी लावली. हद्द खाली गेली, माझ्या चाळीस पावलांपेक्षाही थोडी जास्त. मास्तर म्हणाले, खालची पट्टी पक्ष्यांसाठी मोकळीच ठेवा. पंचफुलाबाई उभी राहिली. “बेट सोडा पांढऱ्यायसाठी. बेटावर आमी पाय ठेवणार न्हाई, तुमी बी कॅमेरा घेऊन जाऊ नका. पण पट्टी आमची.” मास्तरांनी भोयांकडे पाहिलं, भोयांनी मान हलवली, बेट ठरलं. वरच्या धरणाचं पाणी यायचं तर दोन दिवस आधी दवंडी आणि आधी कालव्याचं दार उचलायचं, हेही लिहून घेतलं. शेवटची अट वाड्यातून आली: सकाळी आठच्या वाचनाला रोज त्यांच्यातलं एक माणूस हजर राहणार.

ही अट माझ्यावर अविश्वासाची आहे. ती रास्त आहे. दीड किलोमीटरचा रस्ता मी आता रोज चालतो. भिंतीच्या डाव्या हाताला उघडा पडत जाणारा उतार दिसतो, त्यावर वाकलेल्या पाठी दिसतात. यंदा घागरी दिसत नाहीत. बायांच्या पलीकडे, पाण्याच्या कडेला टिटव्या ओरडत असतात. पांढऱ्या अजून यायच्या आहेत. येतील की नाही, मास्तरांनाही सांगता येत नाही.

मला कुणी माफ केलेलं नाही. वाड्यात कुणी वाईटही बोलत नाही. पूर्वी मी दिसलो की बाया डोक्यावरचा पदर सारखा करून “रामराम साहेब” म्हणायच्या. आता हातातलं काम चालू ठेवून नुसतं बघतात. आधीच्या रामरामात काय होतं ते कळल्यामुळे मला हे बघणं बरं वाटतं.

आज पंचफुलाबाईचा वार होता. मी खालच्या पायरीवर उतरून वाकलो, आकडा सांगितला आणि पेन काढलं.

“थांबा,” ती म्हणाली. “मला बघू द्या.”

महिनाभरात सगळ्या बाया पट्टी वाचायला शिकल्या आहेत. ती लुगडं खोचून खाली आली, माझ्या शेजारी वाकली. बराच वेळ पाहत राहिली. “एक बोट जास्ती सांगितलं तुमी.”

“वारं आहे. लाट होती.”

“मग लाट बसंस्तोवर थांबायचं असतंय, साहेब.”

आम्ही दोघं वाकून थांबलो. पाणी पट्टीवर वर गेलं, खाली आलं, आणखी थोडं हललं, आणि मग थांबलं. तिने आकडा सांगितला. मी तो लिहिला.